गोष्टी आहेत, पुस्तक कुठे आहे?

मराठीत मुलांसाठी लिहिणारे कमी नाहीत. दिवाळी अंकांत, बालकुमार साहित्य संमेलनांत दरवर्षी नवी नावं दिसतात. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी चांगलं, मूळ मराठीत लिहिलेलं चित्रपुस्तक शोधायला निघालं की तीच ती मोजकी नावं पुढे येतात. याचं खापर प्रतिभेच्या अभावावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. खरी उणीव लेखन आणि छपाई यांच्या मधल्या टप्प्यात आहे. लेखक प्रकाशकाकडे काय घेऊन जातो आणि प्रकाशक त्याचं काय करतो, हे तपासायला हवं.

याची मुळं आपल्या बालवाङ्मयाच्या घडणीत आहेत. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केलं, पुढे भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ चालवलं, १९७१ मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ आलं. या मासिकांनी मराठी मुलांना वाचतं केलं आणि लेखकांना लिहितं ठेवलं. हे ऋण मोठं आहे. पण त्यातून एक सवयही रुजली. लेखनाचं एकक ठरलं गोष्ट, तिची लांबी ठरली अंकाची दोन-तीन पानं, आणि चित्राची जागा ठरली मथळ्याशेजारची चौकट. अशा दहा-बारा गोष्टी साठल्या की त्यांचा संग्रह करायचा, ही वहिवाट पडली. आजही बहुतेक लेखक प्रकाशकाकडे गोष्टींची फाइल नेतात. पुस्तक म्हणून विचार केलेलं काही त्यात नसतं.

चित्रपुस्तकाचं गणित वेगळं आहे. तिथे एकक असतं समोरासमोरची दोन पानं. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि नॅशनल बुक ट्रस्ट या संस्थांनी हा प्रकार देशभर नेला. मराठीत त्याला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली माधुरी पुरंदरे यांनी. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची ‘राधाचं घर’ मालिका पाहा. घरातल्या साध्या माणसांविषयी एक लहान मुलगी बोलते, एवढाच ऐवज. तात्पर्य नाही, उपदेश नाही. लेखणी आणि कुंचला एकाच हातात असल्याने शब्दांनी कुठे थांबायचं हे नेमकं ठरलेलं आहे. चित्र मजकुराची री ओढत नाही, स्वतःचं काही सांगतं.

आता नेहमी दिसणाऱ्या संहितेतलं, नमुन्यादाखल रचलेलं, एक वाक्य घ्या: ‘लाल फ्रॉक घातलेली, दोन वेण्या बांधलेली चिमुकली मिनी निळी छत्री घेऊन धो धो पावसात बसथांब्यावर आईची आतुरतेने वाट पाहत उभी होती.’ फ्रॉक, वेण्या, छत्री, पाऊस, थांबा हे सगळं चित्रात येणार आहे. मग चित्रकाराने करायचं काय? पानावर ‘अजून आई आली नव्हती’ एवढे चार शब्द पुरतात. बाकीचं मूल चित्रात शोधेल, आणि त्या शोधण्यातच त्याचं वाचन घडेल. ‘आतुरतेने’ हा शब्द नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला अडवतो, ही बाब वेगळीच.

हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे डमी. सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की २४ पानांची वही होते. पहिलं पान शीर्षकाला, दुसरं श्रेयनामावलीला जातं. तिसरं पान सुटं, शेवटचं सुटं, आणि मधे समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या उरतात. त्यांत गोष्ट मांडून पाहिली की दोष लपत नाहीत. तीन जोड्यांवर मिनी नुसती उभीच असेल तर चित्रकाराला नवं काढायला काही नाही. पान उलटावंसं वाटेल अशी जागा नसेल तर गोष्ट सपाट आहे. पानांची संख्या आठ किंवा सोळाच्या पटीत का ठेवतात, छापखान्यातला मोठा कागद कसा घडी होतो, हेही लेखकाला ठाऊक असायला हवं. चित्रं मात्र हौसेने कोणाकडून तरी काढून घेऊ नयेत. चित्रकार निवडणं संपादकाचं काम आहे. लेखकाने डमीत रेघोट्या मारून कल्पना दाखवली तरी पुरे.

संहितेसोबतच्या पत्राबद्दलही आपण फार ढिसाळ आहोत. लेखकाला मिळालेले सत्कार, मान्यवरांचे अभिप्राय आणि प्रस्तावनेची आश्वासनं यांनी पत्र भरतं. संपादकाला हवं असतं ते वेगळंच: वाचक कोणत्या वयाचा, शब्दसंख्या किती, गोष्ट चार ओळींत काय, आणि या विषयावर मराठीत आधीच काय उपलब्ध आहे. ‘वय ३ ते १५’ असं लिहिणाऱ्याने वाचकाचा विचारच केलेला नसतो. प्रथम बुक्सने पुस्तकांसाठी वाचनाचे चार स्तर ठरवले आहेत. त्यांच्याशी कोणी असहमत होऊ शकेल, पण निदान वाचक कोण हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो. मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा. जुन्या डीटीपी फॉन्टमधून रूपांतर करताना जोडाक्षरांची मोडतोड होते.

पण सगळा भार लेखकावर टाकणं अन्यायाचं होईल. मुलांची पुस्तकं पारखून घडवणारा पूर्णवेळ संपादक ठेवणारे मराठी प्रकाशक फार थोडे आहेत. रंगीत छपाई महाग आणि आवृत्ती लहान, ही त्यांची अडचण खरी आहे. पुस्तक वाचतं मूल, विकत घेतात आईबाप आणि आजीआजोबा. म्हणून मुखपृष्ठावर ‘संस्कार’ हा शब्द आला की खप सोपा होतो, हेही खरं. तरी या अडचणींतून जे प्रघात पडले ते समर्थनीय नाहीत. संहिता महिनोन्‌महिने निरुत्तर पडून राहते. लेखकाकडूनच छपाईचा खर्च घेतला जातो, आणि पैसे आले की संपादनाची गरज कोणालाच वाटत नाही. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत जातं, त्याला एकरकमी मानधन देऊन विषय संपतो.

करारही अनेकदा तोंडी असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो परत जातो. एवढं माहीत असलेला लेखक सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारील, आणि चांगल्या प्रकाशकाला त्या प्रश्नांचा राग येणार नाही.

परिस्थिती बदलते आहे हेही नोंदवायला हवं. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते. ‘चिकूपिकू’सारखं मासिक अगदी लहान मुलांना चित्रांतून गाठतं. वाचक तयार होतो आहे, त्याला पुरेल असं पुस्तक तयार करण्याची व्यवस्था मागे आहे. ती उभी करण्यासाठी प्रकाशकांनी आपल्याला काय हवं, किती दिवसांत उत्तर देऊ आणि कोणत्या अटींवर छापू, हे जाहीर करावं. लेखकांनी फाइल बाजूला ठेवून डमी करावी, आणि ती आपल्या घरची नसलेल्या मुलांना वाचून दाखवावी. मूल जिथे कंटाळलं तिथे खोडावं, मगच पाकीट बंद करावं. पुस्तक सादर करणं हे लेखन संपल्यावरचं कारकुनी काम नाही. मुलांच्या पुस्तकात तो लेखनाचाच शेवटचा आणि सगळ्यांत कठोर खर्डा असतो.