वकिलाची लेखणी आणि समाजाचे न्यायासन : ‘बहिष्कृत भारत’चे पुनर्वाचन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्रकारितेवर आपल्याकडे पुष्कळ लेखन झाले आहे. त्यांच्या वकिलीवरही झाले आहे. परंतु त्यांच्यातील वकिलाने त्यांच्यातील संपादकाला काय दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम क्रम ध्यानात घ्यावा. ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे व पुढे ज्ञानदेव घोलप यांचे नाव असे. १९२२ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकर प्रभृतींची बाजू यशस्वीपणे मांडली. त्यानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ अवतरले.

या दोन पत्रांच्या लेखनशैलीत जो फरक दिसतो, त्याचे मूळ या मधल्या वर्षांत आहे. ‘मूकनायक’मध्ये जिने नसलेल्या मनोऱ्याची प्रतिमा योजून समाजाच्या विवेकाला आवाहन केले जाते. ‘बहिष्कृत भारत’मधील अग्रलेख मात्र खटल्याप्रमाणे उभे राहतात : आधी वस्तुस्थिती, मग प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच सामर्थ्यानिशी, नंतर त्याचे खंडन आणि शेवटी मागणी. प्रतिपक्षाला दुबळा दाखवून जिंकण्याचा मोह तेथे फारसा आढळत नाही.

या शैलीची खरी कसोटी महाडला लागली. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. मार्च १९२७ मध्ये लोकांनी ते पाणी प्राशन केले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची सिद्धता झाली असता सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक जमले होते. मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यात आला.

येथे वकील आणि संपादक यांच्यात विरोध होता काय? जो संपादक लोकांना हक्क बजावण्यास सांगतो, तोच न्यायालयाचा हुकूम कसा मानतो, हा आक्षेप सोपा आहे व म्हणून फसवाही आहे. लढा शासनाशी नव्हता, सनातन्यांशी होता. कायदा आपल्या बाजूस उभा करणे शक्य असताना तो मोडणे म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र देणे होते. मात्र अशा निर्णयाचा हिशेब लोकांना द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी स्वतःचे पत्र असावे लागते. ‘बहिष्कृत भारत’चे महत्त्व येथे आहे. नेत्याने आपली कारणे अनुयायांच्या न्यायासनापुढे, त्यांच्याच भाषेत मांडली.

गासशेजारच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या लेखाचा खंड मिळाला. राज्यकर्त्याने आपले आचरण लोकभाषेत लोकांपुढे ठेवावे, ही परंपरा आपल्या परिसराला अपरिचित नाही.

तथापि, एक उणीव नोंदविली पाहिजे. हे पत्र फार थोड्या हातांवर उभे होते. अंकाचे चोवीस रकाने संपादकाला एकट्याने भरावे लागत, आणि वर्गणीदारांची संख्या तुटपुंजी राही. पत्राचे ऋण हे वाचकांचेही लौकिक ऋण नव्हे काय, असे त्यांना १९२८ मध्ये अग्रलेखातून विचारावे लागले. १५ नोव्हेंबर १९२९ रोजी पत्र बंद पडले. महाड प्रकरणी उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ज्या पत्राने तो लढा शब्दांत लढविला, ते हा निकाल छापण्यास उरले नव्हते. ते कार्य ‘जनते’कडे आले.

१९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली या दोन्ही पत्रांचे अंक ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ते आपल्या विहारांच्या कपाटांत पूजनीय म्हणून विराजमान असतात. त्यांचे वाचन व्हावे, त्यांतील युक्तिवाद तपासले जावेत आणि आजच्या आपल्या नियतकालिकांची वर्गणी वेळेवर भरली जावी, हीच त्या ऋणाची परतफेड होय.