गळा वारशाने आला, मास्टर कुणाचा?

१४ एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या आसपास जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, शिंदे घराण्याच्या तीन पिढ्या एकाच मिरवणुकीत ऐकू येतात. आधी प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श. मराठवाड्यात भीमगीत हे निव्वळ जयंतीचं गाणं नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, एवढा काळ विद्यापीठाच्या नावासाठी हा मुलूख होरपळला. जालना त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. इथला श्रोता भीमगीत ऐकतो तेव्हा आधी शब्द ऐकतो.

या घराण्याबद्दल बोलताना सगळे गळ्याबद्दलच बोलतात. मला निर्मितीबद्दल बोलायचं आहे, कारण खरा वारसा तिथे अडला होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, गाणारा नव्हे. गायक-वादकांना स्वतःचा म्हणून काही हक्क मिळाला तो थेट १९९४ च्या दुरुस्तीत आणि रॉयल्टीची बाजू भक्कम झाली २०१२ मध्ये. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक लोकगायकांचं आयुष्य एकरकमी बिदागीवर गेलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट’ पानटपऱ्यांपासून एसटी स्टँडपर्यंत वाजला, तरी मास्टर, म्हणजे मूळ मुद्रण, कंपनीच्याच कपाटात राहिला. बापाकडून पोराकडे गळा आला, ताल आला, लोकांचं प्रेम आलं. रेकॉर्ड मात्र आली नाही.

तिसऱ्या पिढीच्या काळात हे बदललं. आनंद यांच्या हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श या मुलांपैकी उत्कर्ष पेशाने डॉक्टर, पण तिघांचंही बस्तान गाण्यातच. ‘विजया आनंद म्युझिक’ हे घरचं लेबल उभं राहिलं. गाणाऱ्याच्या घरात निर्माता येणं ही मी या क्षेत्रातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना मानतो.

म्हणूनच निर्मितीकडे कठोरपणे पाहायला हवं. प्रल्हाददादांचं जुनं मुद्रण कान देऊन ऐका. पेटी, ढोलकी, टाळ, मागे कोरस, आणि या सगळ्यांच्या पुढे शब्द. ढोलकीवाला धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर, तळहात दाबून घिस्सा काढतो तेव्हा घुमारा गायकाच्या श्वासाबरोबर वर-खाली होतो. ओळ संपताना ढोलकीची लग्गी, म्हणजे जलद बोलांची उठाण, किंचित पुढे पळते आणि कोरस तिला धरून आणतो. आजच्या बऱ्याच भीमगीतांत ढोलकी म्हणजे लूप. पहिल्या कडव्यात जशी, तशीच शेवटच्या. आदर्शसारखा दमदार गळा लाभलेला असतानाही अरेंजर त्याच्या मागे भिंत बांधतो, आणि शब्द त्या भिंतीत जातात. हा दोष गायकाचा नाही. आवाज किती पुढे ठेवायचा हे ठरवणाऱ्याचा आहे.

जालन्यासारख्या ठिकाणचे छोटे स्टुडिओ याच वाटेने निघालेत. एक संगणक, एक कीबोर्ड, भिंतीला फोम. मुलगा वडिलांच्या भजनी मंडळात किंवा बँजो पार्टीत वाढलेला असतो. ढोलकी हाताने वाजवतो, पण मुद्रणात तयार ठोका लावतो, कारण गाणं डीजेच्या भिंतीवर वाजायचं असतं. त्यात दर अर्ध्या मिनिटाला डीजेच्या नावाचा टॅग. गाणं लिहिणाऱ्या शाहिराचं नाव मात्र कुठेच नाही. याचा मला मनापासून राग येतो. कागदावर करार तर क्वचितच असतो. म्हणजे काल मोठ्या कंपनीने जे केलं, ते आज गावातला निर्माता गावातल्याच शाहिराला करतो आहे.

कायद्याची एक बाजू मात्र या मुलांच्या उपयोगाची आहे. ध्वनिमुद्रणावरचा निर्मात्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क आता संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. त्यासाठी वारसांना भेटावं लागेल, त्यांचा वाटा द्यावा लागेल. पण त्या काळच्या शाहिरांच्या आणि कव्वालांच्या तबकड्या कुणाच्या माळ्यावर असतील तर त्या साफ करून, कवी, गायक, ढोलकीवाला यांच्या नावांसकट पुन्हा काढायला, निदान मुद्रणाच्या हक्कासाठी, कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहायची गरज नाही. ज्याच्या घरात गाणं आहे आणि हाताशी संगणक आहे, त्या जालन्यातल्या निर्मात्याने पुढच्या जयंतीच्या रिमिक्सआधी हे काम हाती घ्यावं.