परतीची वाट आणि सातबारा

शहरात शिकलेला मुलगा गावी परततो, बापाच्या शेतीत लक्ष घालतो आणि स्वतःचा शोध त्याला मातीत लागतो, हे मराठी साहित्यविश्वाचे एक लाडके कथासूत्र आहे. प्रस्थापित समीक्षेने त्याला 'मुळांचा शोध' म्हटले, 'देशीयता' म्हटले. या समीक्षेला मला एकच प्रश्न विचारायचा आहे. तो ज्या शेताकडे परततो, त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्यात अपयशी ठरून सांगवीला परततो. कादंबरी प्रामाणिक आहे, हे मी मान्य करतो. ती मातीचे गोडवे गात नाही आणि बापाशी असलेला दुरावा झाकत नाही. परंतु पांडुरंगाचे तुटलेपण कितीही खरे असले, तरी त्याच्या पायाखाली बापाचे घर आहे, शेत आहे, दोन वेळचे जेवण आहे. समीक्षेने त्याच्या परात्मतेवर भरभरून लिहिले. त्या परात्मतेचा खर्च कोणाच्या श्रमातून भागतो, हे मात्र तिने तपासले नाही. २०१० च्या 'हिंदू'मध्ये खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून मोरगावला येतो, तो वडिलांच्या अखेरच्या आजारपणात. येथे तर वारसा हाच विषय आहे. या कादंबरीचे उपशीर्षक वारशाला 'समृद्ध अडगळ' म्हणते. ज्याच्या वाट्याला काही आले, त्यालाच त्याची अडगळ वाटू शकते.

१९६३ सालीच बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतला नायक नोकरीसाठी परमुलखात जातो. तेथे डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून त्याला जात लपवावी लागते आणि ती उघड होताच मार खावा लागतो. नगर त्याला सन्मान देत नाही, तरीही मातीची ओढ हा त्याच्या दुःखावरचा उतारा होत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बालपण मुंबईचा कावाखाना आणि धामणगाव यांच्यात वाटलेले आहे. गावी जाणे म्हणजे तेथे महारवाड्यात जाणे, येसकराच्या काठीकडे आणि शिळ्या भाकरीकडे जाणे. महारांकडे जमीन होती, पण ती वतनाची होती. त्या तुकड्याच्या मोबदल्यात सरकारने आणि गावाने सगळ्या कुटुंबाचे श्रम रात्रंदिवस आपल्या हुकमात ठेवले. ही गुलामगिरी ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. तेव्हा माती सर्वांची आई असते, हे वाक्य आमच्या अनुभवाला उतरत नाही.

येथपर्यंतचा वाद प्रस्थापितांशी झाला. आता थोडे आपल्या घरातले बोलू.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला. खेडे त्यांनी अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर ठरवले. आपल्या साहित्याने हा विचार उचलला आणि गाव सोडण्याचा प्रवास समर्थपणे लिहिला. पण चळवळ तेवढ्यावर थांबली नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. माणसे तुरुंगात गेली ती पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी म्हणून. गावाला नकार आणि गावातल्या जमिनीवर हक्क या दोन्ही मागण्या एकाच चळवळीच्या होत्या. आपल्या आत्मकथनांत पहिली ठळक झाली, दुसरी मात्र मोर्च्यांच्या निवेदनांतच राहिली.

म्हणून आपलाही परतणारा मुलगा साहित्यात यायला हवा. आई-बापांनी वर्षानुवर्षे गायरान कसले आणि नाव मात्र कागदावर चढले नाही, अशा घरातला मुलगा शहरातली नोकरी सोडून पेरणीला येतो तेव्हा काय घडते? वतनाच्या एका तुकड्याला अनेक तक्षिमदार असतात, जमीन नव्या शर्तीची असते, बांध शेजारच्या बड्या शेतकऱ्याने कोरलेला असतो. या मुलाला नांगराइतकेच तलाठ्याच्या दप्तराशी झुंजावे लागते. त्याच्या परतण्यात गतकाळाची हळहळ नसते. नोंद करून घेण्याचा निर्धार असतो आणि तो गावाला खुपतो. या संघर्षात मला कादंबरीचे बळ दिसते.

महाविद्यालयात 'कोसला' शिकवणाऱ्या अध्यापकांनी ती जरूर शिकवावी. मात्र तिच्या शेजारी 'बलुतं' ठेवावे आणि विद्यार्थ्यांना दोन्ही परतींचा हिशेब मांडायला सांगावा: जमीन कोणाची, राबते कोण, आणि परतलेल्याला गावात कोणत्या दाराने आत घेतात? कार्यकर्त्यांनी गायरानाच्या लढ्यातली माणसे बोलती करावीत आणि त्यांचे शब्द उतरवून घ्यावेत. हे साहित्य आपणच लिहिले पाहिजे, कारण ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना या लेखनाची निकड कधी भासलेली नाही.