ओळख आणि जागा : प्रायमरी कीच्या डिफॉल्टवर एक आक्षेप

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी डेटाबेसवर कशाला बोलावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. कारण साधं आहे. 'ही वस्तू कोणती' आणि 'ती कुठे आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आम्ही ॲरिस्टॉटलच्या पदार्थविचारापासून शिकवत आलो. एसक्यूएल सर्व्हर मात्र, तुम्ही काही बोलला नाहीत, तर दोन्हींची एकच गाठ मारून टाकतो.

ग्रंथालय आठवा. प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक असतो. तो त्या प्रतीची ओळख. पण कपाटात पुस्तकं लागतात ती वर्गांकाने, म्हणजे विषयवार. दाखल क्रमांकाने लावली असती तर तुकारामांशेजारी रसायनशास्त्र आलं असतं, कारण दोन्ही एकाच दिवशी खरेदी झाली!

प्रायमरी की म्हणजे हा दाखल क्रमांक. क्लस्टर्ड इंडेक्स म्हणजे कपाटातली मांडणी: टेबलातल्या ओळी ज्या क्रमाने साठवल्या जातात तो क्रम. मांडणी एकच असू शकते, म्हणून क्लस्टर्ड इंडेक्सही एका टेबलाला एकच. आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसतं 'प्रायमरी की' लिहिलं, आधीचा क्लस्टर्ड इंडेक्स नसला, की ती एकमेव जागा तिलाच जाते.

यात काय बिघडतं? वीजमीटरच्या नोंदींचं टेबल घ्या. की आहे वाढता अनुक्रमांक. पण विचारणा नेहमी अशी: या ग्राहकाच्या दहा वर्षांच्या नोंदी द्या. महिन्याला एक, म्हणजे १२० ओळी. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं. ओळ १०० बाइटची धरली तर पानावर ७०-८० ओळी मावतात. ग्राहक आणि तारीख अशी मांडणी असती तर दोन-तीन पानांत काम झालं असतं. अनुक्रमांकाने मांडलं की लाखो ग्राहकांच्या गर्दीत त्या १२० ओळी जवळपास १२० पानांवर विखुरतात. आणि हे कळतं केव्हा? टेबल अवाढव्य झाल्यावर, जेव्हा मांडणी बदलणं म्हणजे सगळं टेबल नव्याने रचणं असतं.

गंमत अशी की एडगर कॉड यांनी १९७० च्या आपल्या निबंधात नेमकी हीच तक्रार केली होती. ओळींचा क्रम, इंडेक्स, माहितीपर्यंत जाण्याची वाट, यांवर प्रोग्रॅम अवलंबून राहू नयेत, हा त्यांचा आग्रह. की ही तर्काची गोष्ट, मांडणी ही यंत्राची. तो भेद डिफॉल्टने मागच्या दाराने पुसला.

आता पूर्वपक्ष. तो लटका नाही. वाढता आकडा लहान असतो, पुन्हा येत नाही, नवी ओळ शेवटी जाऊन बसते. उलट आमच्या ग्राहकवार मांडणीत नव्या नोंदी सगळीकडे घुसणार, पानं फुटणार. शिवाय क्लस्टर्ड इंडेक्सच नसलेलं टेबल पुष्कळदा त्याहून वाईट. हे सगळं मान्य. पण हा गुण वाढत्या आकड्याचा आहे, प्रायमरी कीचा नव्हे! की म्हणून यादृच्छिक १६ बाइटचा यूयूआयडी घ्या. डिफॉल्ट तोच राहतो आणि हाच युक्तिवाद त्याच्यावर उलटतो. पानं तर फुटतातच, वर प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्स ते १६ बाइट वागवत बसतो.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत तर पर्यायच नाही. टेबल प्रायमरी कीच्याच क्रमाने राहतं. ते आम्हाला कमी खटकतं. तिथे निदान जाहीर नियम आहे, की निवडणारा जाणतो की आपण जागाही निवडतो आहोत. ओरॅकल आणि पोस्टग्रेस की साठी वेगळा बी-ट्री बांधतात आणि ओळी बाहेर ढिगात ठेवतात. ओरॅकलमध्ये इंडेक्सच्या क्रमाने टेबल हवं तर तसं मागावं लागतं. आमची पसंती या मागावं लागण्याला आहे.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलायला नको. 'प्रायमरी की' पुढे 'क्लस्टर्ड' किंवा 'नॉनक्लस्टर्ड' हा एक शब्द हाताने लिहावा, 'क्लस्टर्ड'च हवं असलं तरीही. टेबल तपासणाऱ्याने तो शब्द दिसला नाही तर विचारावं: हे कोणी ठरवलं?