दृश्य आणि परिसर : कर्जत-खालापूरच्या संदर्भात नेपथ्याचा विचार

प्रास्ताविक

मराठी चित्रपटसमीक्षेत नेपथ्याची दखल बहुधा दोनच प्रकारे घेतली जाते. एक तर 'भव्य', 'नेत्रदीपक' अशा विशेषणांनी त्याचा गौरव होतो, किंवा एखादी कालविसंगत वस्तू शोधून काढून तिच्यावर बोट ठेवले जाते. दोन्ही पद्धतींमागे एकच गृहीतक आहे. दृश्यातील प्रत्येक वस्तू प्रेक्षक सुटी पाहतो आणि मग तिची गोळाबेरीज करतो, असे त्यात मानलेले असते. दृष्टीविषयक संशोधनाच्या प्रकाशात हे गृहीतक टिकत नाही. त्यामुळे नेपथ्याच्या समीक्षेची पद्धतही तपासून पाहणे आवश्यक ठरते.

दृष्टी आणि संदर्भ

स्टीफन पामर यांच्या १९७५ मधील प्रयोगात स्वयंपाकघराचे चित्र आधी दाखविले असता क्षणमात्र झळकलेला पाव सहज ओळखला जाई. पावासारख्याच आकाराची अमेरिकी टपालपेटी मात्र पुष्कळदा चुकीची ओळखली जाई. एडवर्ड ॲडेल्सन यांच्या १९९५ मधील प्रसिद्ध आकृतीत बुद्धिबळाच्या पटावरील दोन चौकोन एकाच करड्या छटेचे आहेत. तरीही एक सावलीत असल्यामुळे ते काळे-पांढरे भासतात. मोशे बार यांच्या मांडणीनुसार दृश्याची ढोबळ रूपरेषा तपशिलांच्या आधी मेंदूच्या पुढील भागात पोहोचते, आणि तेथून 'हे काय असू शकेल' याचा अंदाज वस्तू ओळखण्याच्या प्रक्रियेला पुरविला जातो. सारांश, डोळा वस्तू पाहतो त्याच वेळी मेंदू तिच्या शेजाराची साक्ष काढत असतो.

चौकचा दरबार

दिवंगत कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये खालापूर तालुक्यातील चौक परिसरात एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती येथेच साकारली. देसाई यांची निर्मिती असलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिकाही २००८ मध्ये येथूनच महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. प्लाय आणि प्लास्टरची भिंत दगडी वाटते ती केवळ रंगकामाच्या कौशल्याने नव्हे. भालदार-चोपदारांची रांग, मशालींचा उजेड, अंगरख्यांचे रंग आणि कमानीमागून डोकावणारा डोंगर हे सारे मिळून त्या भिंतीची ग्वाही देतात. मेंदूचा अंदाज एकदा 'किल्ला' असा ठरला की उरलेला दगड प्रेक्षकच पुरवितो.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. चौकच्या भोवतालची सह्याद्रीची रांग शिवकालीन कथानकाला आपसूक पाठबळ देते. तीच रांग आग्र्याच्या दृश्याच्या चौकटीत शिरली, तर यमुनाकाठच्या सपाटीचा आभास तत्काळ मोडेल. एकाच जागेतील एकच डोंगर एका दृश्याचा साक्षीदार आणि दुसऱ्याचा फितूर ठरू शकतो. म्हणूनच नेपथ्यकाराची कसोटी उभारण्यात जितकी, तितकीच वगळण्यातही असते. हे वगळणे यशस्वी झाले की ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची समीक्षा होत नाही.

कोंडाण्याची लेणी

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंडाण्याची बौद्ध लेणी या संदर्भात तुलनेसाठी उपयुक्त ठरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथील शिल्पकारांनी कातळात लाकडी बांधकामाची रूपे कोरली. कमानी, वेदिकापट्ट्या, तुळयांची टोके या साऱ्यांनी मिळून दगडाला लाकडाचे रूप दिले आहे. चौकला प्लास्टर दगडाचे सोंग घेते; कोंडाण्याला दगड लाकडाचे घेतो. दोन्हीकडे डोळा शेजारच्या आकारांवरच विसंबतो. तथापि कोंडाण्याचे अनुकरण आपली सीमा लपवीत नाही. कोरीव कमानीच्या वर ओबडधोबड कडा तशीच दिसते. दर्शनी भागाजवळच्या भग्न शिल्पापाशी, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, असा ब्राह्मी लेखही आहे. तेथे आभास आणि त्याचा कर्ता एकाच दृष्टिक्षेपात येतात.

इतिहासबोधाचा प्रश्न

हा भेद केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. १८१८ च्या इंग्रजी तोफमाऱ्यात आणि आगीत रायगडावरील वाड्यांचे लाकडी बांधकाम नष्ट झाले. आज तेथे प्रामुख्याने जोती, भिंती आणि दरवाजे उरले आहेत. पडद्यावरचा दरबार पाहिलेला विद्यार्थी त्या जोत्यांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याचा मेंदू रिकामी जागा उत्खननाच्या पुराव्याने भरीत नाही. ती पडद्यावरील झुंबरांनी आणि पडद्यांनी भरतो. एका पिढीच्या डोळ्यांसाठी नेपथ्यच अवशेषांचा संदर्भ बनते. मग अवशेष उणे वाटू लागतात, आणि त्यांना 'पूर्ण' करण्याची मागणी स्वाभाविक भासू लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की चित्रपट हा इतिहासग्रंथ नव्हे. त्याने आपल्या चौकटीच्या कडा दाखवाव्यात ही अपेक्षा रसभंगाची आहे. हा आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु चित्रपटाला जी मुभा आहे ती समीक्षेला नाही. चौकटीबाहेर काय ठेवले गेले हे सांगणे हे समीक्षेचेच काम होय.

समारोप

नेपथ्याचे मूल्यमापन वस्तूंच्या अचूकतेवर थांबू नये. वस्तूंमधील संबंधांपर्यंत ते गेले पाहिजे. कोणता परिसर साक्षीला बोलावला, कोणता दूर ठेवला आणि प्रेक्षकाच्या मेंदूकडून काय भरून घेतले, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज 'भव्य' या शब्दाला अर्थ येत नाही. कर्जत-खालापूर परिसरातील महाविद्यालयांना हे प्रश्न शिकविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एकाच सहलीत कोंडाण्याची कमान दाखवावी आणि चौकच्या दरबाराची पाठीमागची, लाकडी टेकूंची बाजूही दाखवावी. पुढची बाजू विद्यार्थ्यांनी पडद्यावर पाहिलेलीच आहे.