अंश, छेद आणि बेरीज : डिजिटल विपणनाच्या अहवालातील स्प्रेडशीटची चिकित्सा

बीजसंज्ञा : स्प्रेडशीट, डिजिटल विपणन, पोहोच, क्लिक-दर, अहवाललेखन

प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या प्रकल्प अहवालांत अलीकडे एक नवा प्रकार रूढ झाला आहे. एखाद्या स्थानिक व्यवसायाच्या फेसबुक, इन्स्टाग्राम अथवा गुगलवरील जाहिरातींची आकडेवारी उतरवून घ्यायची, ती एक्सेलमध्ये मांडायची, एक पिव्होट तक्ता व दोन-चार आलेख काढायचे आणि अखेरीस मोहीम यशस्वी झाल्याचा निर्वाळा द्यायचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. याच घाटाचे अहवाल जाहिरात संस्थाही आपल्या ग्राहकांना देत असतात. कोणत्याही लेखनप्रकाराला असतात तसे या अहवालालाही संकेत आहेत. मात्र त्याची समीक्षा सहसा होत नाही. आकडे आहेत म्हणजे पुरावा आहे, अशी समजूत त्यामागे असावी. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. स्प्रेडशीट हे साधन प्रामुख्याने पैशाच्या हिशेबाच्या वळणावर घडले. डिजिटल विपणनातील बहुतेक राशी मात्र पैशासारख्या वागत नाहीत, आणि अहवालांतील गंभीर दोष या विसंगतीतून उद्भवतात, असे आमचे प्रतिपादन आहे.

बेरजेचे साधन आणि बेरीज न होणाऱ्या राशी

डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी बाजारात आले. त्याची कल्पना सुचली तेव्हा ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी होते. तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतात, ही कटकट दूर करणे हा त्यांचा हेतू होता. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ व १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल आले, तरी मूळ वळण तेच राहिले. आपल्याकडील कीर्द-खतावणीशी परिचित असलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाही : आडव्या ओळी, उभे रकाने आणि तळाशी बेरीज. सोमवारचे शंभर रुपये व मंगळवारचे शंभर रुपये मिळून दोनशे रुपये होतात, हे गृहीत या मांडणीच्या मुळाशी आहे आणि रुपयांच्या बाबतीत ते निर्विवाद आहे.

आता 'पोहोच' ही राशी घ्यावी. जाहिरात किती वेगवेगळ्या व्यक्तींना दिसली, ही संख्या म्हणजे पोहोच. एका जाहिरातीची दैनिक पोहोच सात दिवस प्रत्येकी १,००० असेल, तर आठवड्याची पोहोच किती? विद्यार्थी रकान्याच्या तळाशी बेरजेचे सूत्र लिहितो आणि ७,००० हे उत्तर छापतो. वास्तविक त्याच हजार व्यक्तींना रोज जाहिरात दिसली असेल तर पोहोच १,०००च राहते. रोज संपूर्णतः नव्या व्यक्ती असतील तरच ती ७,००० होते. खरा आकडा या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असतो आणि दैनिक आकड्यांवरून तो कोणत्याही सूत्राने काढता येत नाही. संपूर्ण कालावधीची पोहोच संबंधित मंचाकडूनच स्वतंत्रपणे घ्यावी लागते. एक्सेल याबाबत कोणतीही हरकत घेत नाही. त्याच्या दृष्टीने रुपये आणि माणसे या दोन्ही केवळ संख्याच आहेत.

क्लिक-दराची गोष्ट याहून बोधक आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या थेट पुण्यातील ग्राहकांना विकण्यासाठी दोन जाहिराती देतो. जुन्या ग्राहकांसाठीची पहिली जाहिरात २०० वेळा दिसली व तिच्यावर १० क्लिक आले; दर ५ टक्के. नव्या ग्राहकांसाठीची दुसरी ९,८०० वेळा दिसली व तिच्यावर ९८ क्लिक आले. दर १ टक्का. अहवालात सरासरी दर ३ टक्के असा छापला जातो. प्रत्यक्षात १०,००० वेळा दिसलेल्या जाहिरातींवर १०८ क्लिक आले आहेत, म्हणजे दर १.०८ टक्के आहे. येथे बेरीज किंवा भागाकार चुकलेला नाही. दोन असमान छेदांना समान मान दिला गेला आहे. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. ३ टक्के पाहून त्या बागायतदाराने जाहिरातीवरील खर्च वाढवला, तर त्याच्या पदरी काय पडेल हे सांगावयास नको.

हा दोष टाळण्याची सोय एक्सेलमध्येच उपलब्ध आहे, ही यातील विशेष बाब. पिव्होट तक्त्यात दराचा तयार रकाना ओढून त्याची सरासरी मागितली तर वरील चूक होते. परंतु क्लिक भागिले दर्शने असे 'कॅल्क्युलेटेड फील्ड' तयार केले, तर एक्सेल आधी दोन्हींची बेरीज करते व नंतर भागाकार. आमच्या पाहण्यातील बहुतेक कार्यपुस्तिका पिव्होट तक्ता कसा घालावा हे चित्रांसह शिकवतात, पण या दोन मार्गांतील फरक सांगत नाहीत. तंत्र शिकवले जाते, अर्थ शिकवायचा राहून जातो.

छेद कोणी ठरवला?

छेदाचा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने जाहिरातदारांना दिलेल्या व्हिडिओ पाहण्याच्या सरासरी वेळेचा आकडा फुगलेला असल्याचे उघड झाले. पाहण्याच्या एकूण वेळेला सर्व प्रेक्षकांनी भागण्याऐवजी किमान तीन सेकंद व्हिडिओ पाहणाऱ्यांनीच भागले जात होते. झटकन पुढे सरकणारे प्रेक्षक छेदातून वगळले गेले आणि सरासरी वाढली. ज्या असंख्य जाहिरातदारांनी हा आकडा आपल्या तक्त्यांत उतरवून घेतला असेल, त्यांची सूत्रे निर्दोषच असतील; दोष त्यांच्या तक्त्यात येण्यापूर्वीच आकड्यात शिरला होता.

व्याख्या बदलली तरी रकान्याचे नाव तेच राहते, ही दुसरी अडचण. गुगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये वाचकाने एकच पान उघडले व अन्य कोणतीही नोंद झाली नाही, तर ती भेट 'बाउन्स' मानली जाई. मग त्याने ते पान पाच मिनिटे वाचलेले का असेना. १ जुलै २०२३ पासून या प्रणालीने नवी माहिती नोंदवणे थांबवले. तिच्या जागी आलेल्या गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये दहा सेकंदांहून अधिक चाललेली भेट बाउन्समध्ये मोजली जात नाही. २०२२ व २०२४ चे बाउन्स-दर एकाच रकान्यात ठेवून संकेतस्थळ सुधारल्याचा निष्कर्ष काढणारा अहवाल वस्तुतः दोन व्याख्यांची तुलना करत असतो. आलेखातील उतरती रेषा मात्र डौलदार दिसते.

विक्रीच्या श्रेयाबाबतही असेच घडते. मेटाच्या जाहिरातींत क्लिकनंतर सात दिवसांत किंवा जाहिरात नुसती पाहिल्यानंतर एका दिवसात झालेली खरेदी जाहिरातीच्या नावे जमा करण्याचा प्रघात आहे. गुगल ॲड्समध्ये क्लिकनंतरची ही मुदत मूळ मांडणीनुसार तीस दिवसांची असते. एकाच ग्राहकाने सकाळी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिली व दुपारी गुगलवरील जाहिरातीवरून पेटी मागवली, तर दोन्ही मंच ती विक्री आपली म्हणून सांगतात. तक्त्यात दोन विक्री, बिलबुकात एक. जमा-नावेच्या जुन्या पद्धतीत ही विसंगती ताळा जुळवताना पकडली गेली असती. जाहिरातीच्या तक्त्याला ताळ्याची दुसरी बाजूच नसते. ती बिलबुकातून मुद्दाम आणावी लागते.

तारखांचा घोळ किरकोळ वाटतो, पण आपल्याकडे तो हमखास होतो. अमेरिकी क्रमाने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी उतरवलेली फाईल भारतीय मांडणीच्या संगणकावर उघडली की ५ एप्रिलची नोंद ४ मे म्हणून वाचली जाते. १५ एप्रिलची नोंद तर तारीख न राहता नुसता मजकूर बनून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटते. डावीकडे चिकटलेले आकडे दिसले की परीक्षकाने थांबावे.

फाईल उघडी ठेवण्याविषयी

या साऱ्यावरून स्प्रेडशीट टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. तयार डॅशबोर्डच्या तुलनेत ते आम्हास अधिक विश्वासार्ह वाटते, कारण चौकटीवर टिचकी मारली की सूत्र दिसते आणि युक्तिवाद तपासता येतो. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० मधील सार्वजनिक कर्जाविषयीच्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला मूळ एक्सेल फाईल मिळाली, म्हणूनच २०१३ मध्ये ती चूक जगासमोर आली. फाईलऐवजी छापील तक्ता मिळाला असता तर वर्गातील अभ्यासापलीकडे ते प्रकरण गेले नसते.

आपल्या महाविद्यालयांत नेमके उलट होते. अहवाल बांधणी करून छापील स्वरूपात किंवा पीडीएफ म्हणून स्वीकारला जातो. सूत्रे पुसली जातात, केवळ उत्तरे उरतात, आणि गुण आलेखांच्या रंगसंगतीला मिळतात. छापील प्रतीसोबत मूळ फाईल घेणे, त्या फाईलमध्ये प्रत्येक रकान्याची व्याख्या, स्रोत व उतरवून घेतल्याची तारीख सांगणारे एक स्वतंत्र पान असावे असा आग्रह धरणे, आणि विक्रीचा आकडा व्यावसायिकाच्या बिलबुकाशी पडताळून पाहणे, यास कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरची आवश्यकता नाही. तोंडी परीक्षेत तर परीक्षकाने कोणत्याही एका टक्केवारीवर बोट ठेवून तिचा छेद विचारावा. ज्या विद्यार्थ्याने तक्ता स्वतः मांडला आहे, त्याला उत्तरासाठी फाईल उघडावी लागली तरी चालेल. कोणती चौकट उघडायची हे त्याला ठाऊक असले पाहिजे.