तिसरी संहिता : फ्लोरेन्टाईन हस्तलिखितातील युद्धचित्रे

अमेरिकेतील स्पॅनिश आक्रमणाच्या चित्रांचे मोल त्यांत क्रौर्य किती दाखविले आहे यावरून ठरविण्याचा प्रघात आहे. हे माप अपुरे आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

बार्तोलोमे दे लास कासास याच्या अत्याचारवृत्तान्ताची (१५५२) सचित्र लॅटिन आवृत्ती १५९८ साली फ्रँकफुर्ट येथे तेओडोर द ब्राय याच्या कार्यशाळेतून निघाली. द ब्रायने अमेरिका कधी पाहिली नव्हती. ह्या चित्रांतील मूलनिवासी बहुधा विवस्त्र आणि एकाच युरोपीय साच्यातले आहेत. त्यांची कीव येते. परंतु त्यांचे म्हणणे काय, हे कळत नाही.

याउलट, साआगून ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्लातेलोल्को येथे नाउआ लेखक-चित्रकारांनी सिद्ध केलेले फ्लोरेन्टाईन हस्तलिखित पाहावे. त्याच्या बाराव्या ग्रंथात १५१९ ते १५२१ च्या युद्धाचे वर्णन आहे. उजव्या रकान्यात नाउआट्ल संहिता, डाव्यात तिचे स्पॅनिश रूपांतर. रूपांतर आखूड असल्यामुळे उरलेल्या जागेत चित्रे. तेव्हा चित्रे ही केवळ जागा भरण्यासाठी, असा समज सहज होतो. परंतु नाउआट्लमध्ये लिहिणे आणि चितारणे ह्या दोहोंस एकच क्रियापद आहे. 'त्लाकुइलो' म्हणजे लेखकही आणि चित्रकारही. संस्कृतात 'लिख्' धातूपासून 'आलेख्य' म्हणजे चित्र हा शब्द सिद्ध होतो, हे जाणणाऱ्यास यात नवल वाटू नये. ही चित्रे म्हणजे तिसरी संहिताच होय.

तिची आवश्यकता रूपांतराकडे पाहता पटते. सोने पाहून स्पॅनिश सैनिक डुकरांसारखे हपापले, असे नाउआट्ल संहिता सांगते. स्पॅनिश रकाना त्यांच्या आनंदाची तेवढी नोंद करतो. अशा सौम्य झालेल्या रकान्यातच चित्रे येऊन बसतात. १५२० च्या तोश्कात्ल उत्सवातील कत्तलीच्या चित्रात तलवार चालते ती वाद्य वाजविणाऱ्याच्या हातांवर. बळी पडणारा येथे निनावी देह नाही. तो आपल्या विधीत मग्न असलेला वादक आहे. त्याच वर्षीच्या देवीच्या साथीच्या चित्रात चटयांवर पडलेले रुग्ण आहेत आणि शुश्रूषेच्या प्रसंगी बोलण्याची खूण असलेले वेटोळेही आहे. मरणाच्या दारीही येथे वाणी शाबूत आहे.

अर्थात ह्या चित्रांना निर्भेळ देशी मानणे चुकीचे ठरेल. छायांकन व अवकाशरचना यांत युरोपीय वळण स्पष्ट दिसते. दृष्टीही त्लातेलोल्कोची आहे, सर्व मूलनिवासींची नव्हे. त्लाश्कालाच्या लोकांनी आपल्या चित्रपटात स्वतःला स्पॅनिशांचे सहकारी म्हणूनच रंगविले.

तरीही मुद्दा उरतोच. हस्तलिखिताचे काम चालू असतानाच १५७६ ची भीषण साथ उसळली. आपला समाज डोळ्यांदेखत ओसरत असता हे चित्रकार लिहीत होते. म्हणून अशा चित्रांपुढे पहिला प्रश्न 'किती रक्त?' हा नसावा. 'बोलण्याचा अधिकार कोणाला?' हा असावा.